स्टॉकहोमच्या सार्वजनिक इमारती: दर्शनी बाजू नंतर, आधी आत कसं शिरतो ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सप्टेंबरमध्ये मुलीकडे स्टॉकहोमला चाललो आहोत. चार दिवस फक्त शहरासाठी ठेवले आहेत. जो तो नगरभवन आणि जुनं शहर बघा म्हणतो. आम्ही दोघंही वास्तुकलेतले नाही. मग इथल्या सार्वजनिक इमारतींत नेमकं काय बघायचं? आणि इतक्या देखण्या शहराच्या मधोमध तो काँक्रीटचा रुक्ष चौक कसा काय आला?"

दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. मी वास्तुरचनाकार आहे आणि बरीच वर्षं स्टॉकहोममध्ये जुन्या सार्वजनिक इमारतींच्या डागडुजीची कामं केली आहेत. या कामात एक सवय लागते. इमारत समोरून कशी दिसते याच्या आधी ती माणसाला आत कशी घेते, हे बघायची. दार कुठे आहे, पायऱ्या किती आणि कशा, हात कशाला लागतो, उजेड कुठून येतो, आणि आत पोहोचल्यावर आपल्याला अर्जदार असल्यासारखं वाटतं की मालक असल्यासारखं. स्टॉकहोमच्या चांगल्या इमारती या परीक्षेत फार वरचे गुण मिळवतात. फसलेल्या जागा बहुतेक इथेच फसलेल्या आहेत.

आधी उजेडाबद्दल, कारण आपल्याकडून जाणाऱ्याचा गोंधळ तिथेच होतो. स्टॉकहोम साधारण ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर येतो. तुम्ही जाल तेव्हा, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, दुपारचा सूर्य तीस अंशांच्या आसपास असेल. म्हणजे ऊन डोक्यावरून पडत नाही, भिंतीला घासून जातं. अशा तिरप्या उन्हात गुळगुळीत भिंत मेल्यासारखी दिसते आणि खडबडीत भिंत बोलायला लागते. जुन्या घरांचे पिवळे, गेरूसारखे, विटकरी गिलावेही याच उन्हात खुलतात. आपल्याकडे इमारतीला सावली देण्यासाठी छज्जे काढतो. इथे उजेड पकडून ठेवायची धडपड असते. हे एकदा डोक्यात बसलं की बरंच काही आपोआप उलगडतं.

आता नगरभवन, म्हणजे स्टाड्सहुसेत. पर्यटकांची गर्दी असते म्हणून नाक मुरडू नका. मालारेन सरोवराच्या काठावर, एल्डक्वार्न नावाच्या वाफेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीच्या जागी ही इमारत उभी आहे. त्या गिरणीला १८७८ मध्ये लागलेली आग शहर बरेच दिवस विसरलं नव्हतं. आधी या जागी न्यायालय बांधायचं ठरलं होतं. स्पर्धेत राग्नार ओस्टबर्ग आणि कार्ल वेस्टमान हे दोघे शेवटपर्यंत टिकले. पुढे बेत बदलला. पाण्याकाठची जागा नगरभवनासाठी ओस्टबर्गकडे गेली आणि न्यायालयाचं काम वेस्टमानकडे. वेस्टमानचं न्यायालय १९१५ मध्ये पूर्ण झालं. ते तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि त्याकडे सहसा कुणी फिरकत नाही. जमलं तर एक चक्कर मारा. जुन्या स्वीडिश किल्ल्यासारखा जाडजूड, अबोल चेहरा आहे त्याचा.

नगरभवनाचं बांधकाम १९११ ते १९२३ असं बारा वर्षं चाललं, आणि त्यात पहिलं महायुद्धही येऊन गेलं. उद्घाटन झालं २३ जून १९२३ रोजी. स्वीडनचा राजा गुस्ताव वासा शहरात शिरला त्याला तेव्हा चारशे वर्षं झाली होती, तो मुहूर्त साधला. विटा लागल्या सुमारे ८० लाख. या साध्या विटा नव्हेत. मध्ययुगीन मठांच्या बांधकामातल्यासारख्या, नेहमीच्या विटेपेक्षा मोठ्या, गडद लाल, हाताने पाडलेल्या विटा आहेत. जवळ जाऊन बघाल तर दोन विटा एका रंगाच्या सापडणार नाहीत. एखादी भट्टीत जास्त भाजून काळसर झालेली, एखादी केशरी. आजचा कंत्राटदार असा माल साइटवरूनच परत पाठवेल. ओस्टबर्गला नेमकी हीच असमानता हवी होती. खिडक्याही त्याने एका रेषेत, एका मापात बसवल्या नाहीत. एवढी अवाढव्य इमारत, पण ती पाण्यावर जड वाटत नाही याचं निम्मं श्रेय या मुद्दाम ठेवलेल्या वाकडेपणाला आहे.

आत शिरताना आधी कमानीतून एका उघड्या चौकात येता. त्या चौकाची पाण्याकडची बाजू खांबांची आहे. खांबांमधून थेट सरोवर दिसतं आणि कोणीही, तिकीट न काढता, तिथून चालत पाण्यापर्यंत जाऊ शकतो. व्हेनिसची आठवण येईल, आणि ती यावी अशीच योजना आहे. ओस्टबर्गने इटली डोळे भरून पाहिली होती. पण व्हेनिसमध्ये पाण्यासमोर तिथल्या सत्ताधीशाचा, डोजचा, राजवाडा आहे, इथे नगरपालिका आहे, आणि तिच्या अंगणात लोक डबा खात बसलेले असतात.

चौकातून आत गेलं की ब्लू हॉल. हॉल निळा नाही, लाल विटेचा आहे. भिंतींना निळा रंग द्यायचं ठरलं होतं. पण भिंती उभ्या राहिल्यावर विटेचा रंग ओस्टबर्गला इतका आवडला की त्याने तो बेत रद्द केला. ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो. गाइड सहसा सांगत नाही ते असं: विटा रचून झाल्यावर गवंड्यांनी त्यांच्या पृष्ठभागावर छिन्नीने हाताने टाचे मारले आहेत. भिंतीपाशी जाऊन बाजूने, डोळा भिंतीला लावून बघा. सगळी भिंत घोंगडीसारखी खरखरीत आहे. वरच्या खिडक्यांतून येणारा उजेड त्या खळग्यांत अडकतो आणि भिंत आतून तापल्यासारखी लालसर दिसते. सपाट भिंतीला हा परिणाम कधीच आला नसता. वरून पडणाऱ्या तिरप्या उजेडासाठी कारागिरांनी केलेली ही मेहनत आहे, आणि मला विचाराल तर सोनेरी दालनापेक्षा ही भिंत मोठी.

जिना उतरून बघायचा. याच जिन्यावरून दर वर्षी १० डिसेंबरला नोबेलच्या मेजवानीचे पाहुणे खाली येतात, सुमारे तेराशे माणसं जेवायला असतात. असं सांगतात की पायऱ्यांची उंची ठरवताना ओस्टबर्गने बायकोला लांब झगा घालून वारंवार वर-खाली चालायला लावलं. गोष्ट खरी असो वा रचलेली, पायरी मात्र तशीच झाली आहे: चढ कमी, पाऊल ठेवायची जागा ऐसपैस, खाली न बघता उतरता येतं. आपल्या जुन्या वाड्यांचे उभे जिने चढलेल्या माणसाला हा फरक गुडघ्यांतच कळतो.

वर सोनेरी दालन. १ कोटी ८० लाखांहून जास्त काचेचे आणि सोन्याचे तुकडे. रचना आयनार फोर्सेटची. काम मिळालं तेव्हा हा चित्रकार तिशीच्या आतला होता. समोरच्या भिंतीवर मालारेनची राणी, म्हणजे स्त्रीरूपातलं स्टॉकहोम, बसली आहे, वटारलेले डोळे आणि सापासारखे केस. एका बाजूला आयफेल मनोरा, दुसरीकडे हत्ती. लोकांनी तेव्हा बरीच नावं ठेवली होती. मलाही ती फारशी रुचत नाही, पण दालनाला जो किंचित उद्धटपणा आहे तो तिच्यामुळेच आहे. एका घोडेस्वाराचं डोकं छताच्या वर गेलं आहे, म्हणजे दिसतच नाही. उंचीचा हिशेब चुकला.

या इमारतीत सर्वांत कमी वेळ मिळतो तो खऱ्या कामाच्या जागेला, म्हणजे सभागृहाला. १०१ नगरसेवक इथे बसतात, आणि सभा चालू असताना नागरिकांना वरच्या गॅलरीत बसता येतं. मान वर करून छत बघा. १९ मीटर उंच, उघडी लाकडी तुळवटं, उलट्या ठेवलेल्या होडीसारखी रचना, आणि मधून रंगवलेलं आकाश. गावाच्या जुन्या बैठकीचं घर आणि छप्पर अजून पुरं व्हायचंय असा भास. अर्थसंकल्पावर भांडणाऱ्या माणसांच्या डोक्यावर कोणी हे छत ठेवलं असेल, तर त्याला राजकारणाबद्दल थोडीफार आशा असणार. शेजारच्या लहान लंबगोल दालनात नोंदणी विवाह लागतात. जुने फ्रेंच गालिचे भिंतींवर, आणि संक्षिप्त विधी मागितला तर एका मिनिटाच्या आत मोकळे. मंगल कार्यालयाची सवय असलेल्या माणसाला हे पचायला जड जातं!

मनोरा १०६ मीटर, टोकाला तीन मुकुट. कोपनहेगनच्या नगरभवनाचा मनोरा याहून किंचित बुटका आहे, आणि हा योगायोग नाही असं दोन्हीकडची माणसं मिस्कीलपणे सांगतात.

राजवाडा आणि संसद यांवर फार वेळ घालवू नका. जुना त्रे क्रोनोर किल्ला १६९७ मध्ये जळाला, त्या जागी धाकट्या निकोदेमुस टेसिनने आखलेला राजवाडा १७५४ मध्ये राहण्याजोगा झाला. सहाशेहून जास्त खोल्या, भारदस्त, आणि रोमकडे बघून बांधलेला. संसद १९०५ ची, दगडी, जराशी फुगलेली. दोन्ही इमारती सामान्य माणसाला समोर उभं करून मान वर करायला लावतात. त्यांचं कामच ते होतं.

त्यापेक्षा ह्योतोर्गेत चौकात जा. तिथे रोज फळं-भाज्यांचा बाजार भरतो आणि त्या बाजाराच्या तोंडावरच संगीत सभागृह आहे, इवार टेंगबोमचं, १९२६ चं. शहरातली खरी निळी इमारत ही. शांततेचं सोडून बाकीची नोबेल पारितोषिकं हिच्यात दिली जातात. समोर दहा उंच, सडपातळ खांब. त्यांच्या पायऱ्यांवर पोरं आइसक्रीम खात बसलेली, बाजूला कार्ल मिलेसचं ऑर्फियसचं कारंजं. प्राचीन ग्रीक देवळाची पोज घेतलेली इमारत भाजीबाजारात इतकी सहज कशी मिसळते, तर तिच्यासमोर ना कुंपण आहे ना बाग. पायऱ्या थेट फरसबंदीवर उतरतात.

तिथून स्वेआवेगेन रस्त्याने उत्तरेला चालत गेलात तर दहा-पंधरा मिनिटांत सार्वजनिक ग्रंथालय लागतं. एकच इमारत नीट बघायची असेल तर मी हिचं नाव घेईन. गुन्नार आस्प्लुंडची रचना, १९२८ मध्ये उघडली. बाहेरून बघायला अगदी साधी: एक चौकोनी ठोकळा आणि त्यातून वर आलेला एक मोठा गोल. नारिंगी गिलावा, जवळपास काहीच नक्षी नाही. सुरुवातीच्या आराखड्यांत गोलावर घुमट होता. तो गळून पडला आणि सरळ नळकांडं राहिलं.

आता आत शिरा, पण सावकाश. दाराची चौकट प्रचंड उंच, वर निमुळती होत गेलेली, इजिप्तच्या देवळासारखी. दाराची मूठ धरण्याआधी बघा: ब्राँझची आहे, ॲडम आणि ईव्हच्या आकृती, निल्स शेग्रेनने घडवलेल्या. ज्ञानाच्या फळाचा प्रकार ग्रंथालयाच्या दारावर ठेवणारा माणूस विनोदबुद्धीचा असणार. रोजच्या हातांनी ती मूठ घासून उजळली आहे. आत आलात की एकदम अंधारतं. भिंती काळ्या गिलाव्याच्या, त्यांवर इलियडमधले प्रसंग उठावात कोरलेले. समोर सरळ, अरुंद जिना. तो चढताना वर फक्त उजेडाचा एक तुकडा दिसतो, आणि शेवटच्या पायऱ्यांवर तुमचं डोकं थेट त्या गोल दालनाच्या मधोमध वर येतं. चारी बाजूंनी तीन मजली पुस्तकांचा वेढा, त्यावर पांढरी, उंचसखल गिलाव्याची भिंत ढगासारखी, आणि अगदी वर खिडक्यांची रांग.

याचं कारण नुसतं नाट्य नाही. त्या काळी स्वीडनमधल्या मोठ्या ग्रंथालयांत पुस्तक मागायचं म्हणजे खिडकीवर चिठ्ठी द्यायची आणि ग्रंथपालाची वाट बघायची. आस्प्लुंड १९२० मध्ये अमेरिकेत जाऊन तिथली ग्रंथालयं बघून आला. तिथे वाचक स्वतः कपाटापर्यंत जाऊन पुस्तक काढतो हे त्याने पाहिलं. मग त्याने इमारतच अशी आखली की वाचक जिना चढून येतो तो थेट पुस्तकांच्या मध्ये. अडवायला ना काउंटर, ना जाळी. गोल आकाराचा व्यवहारी फायदा असा की मधल्या टेबलावर बसलेल्या दोन-तीन माणसांना सगळी कपाटं दिसतात. म्हणजे मोकळीकही आहे आणि नजरही आहे. मुलांच्या विभागात गोष्टी सांगायची एक खोली आहे. तिथल्या भिंतीवर निल्स डारडेलने मुलांना झोपवणाऱ्या बुवाचं चित्र काढलं आहे. लहान मूल सोबत असो-नसो, ती खोली बघायला विसरू नका.

याच ग्रंथालयाच्या पायथ्याशी रस्त्याला लागून काचेच्या दुकानांची एक बुटकी रांग आहे. वरचा गोल अभिजात पठडीतला, आणि ही रांग नव्या, सडसडीत, काच-लोखंडाच्या पठडीतली. माणूस एकच. मधल्या दोन-तीन वर्षांत, १९३० च्या स्टॉकहोम प्रदर्शनाच्या निमित्ताने, आस्प्लुंडने आपली वाट बदलली आणि अख्ख्या स्वीडनने त्याच्यामागून ती बदलली. हा बदल एकाच फुटपाथवर उभं राहून बघता येतो, अशा जागा जगात फार नाहीत.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. त्या नव्या पठडीने पुढे काय केलं, ते सेर्गेल्स तोर्गला, म्हणजे तुम्ही म्हणता त्या काँक्रीटच्या चौकात, दिसतं. हा भाग क्लारा म्हणून ओळखला जायचा. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, छापखाने, खाणावळी, स्वस्त खोल्या, दाट वस्ती. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन उतरलं नव्हतं, शहरावर बाँब पडले नाहीत. पाडापाडी शहराने स्वतः केली. निमित्त भुयारी रेल्वेचं: दोन बाजूंचे मार्ग मधोमध जोडायला मोठा खंदक खणावा लागला, आणि १९५७ मध्ये ते टे-सेंत्रालेन स्थानकात जोडले गेले. पण खंदकापुरतं थांबायचं कुणाच्याच मनात नव्हतं. रुंद रस्ते, वाहनतळ, कार्यालयं, मोठी दुकानं असं आधुनिक केंद्र हवं होतं. शहर नियोजनाचे प्रमुख स्वेन मार्केलियुस यांनी आराखडा केला, ह्यालमार मेर यांच्यासारख्या नगरपालिकेतल्या पुढाऱ्यांनी तो रेटला. साडेसातशेच्या आसपास इमारती पाडल्या गेल्या. तिथले पाच एकसारखे मनोरे १९५२ ते १९६६ या काळात उभे राहिले. हे सगळे ठराव कुठे मंजूर झाले? त्याच उघड्या तुळवटांच्या छताखाली, त्याच सभागृहाकडून. हाताने पाडलेल्या विटांची इमारत आणि हे काँक्रीट, दोन्हींची मालकी एकाच मंडळीकडे आहे.

चौक का फसला, याचं माझं उत्तर साधं आहे. तिथे माणसाला खाली उतरवलं आणि गाडीला वरची जागा दिली. काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांची फरशी तुम्ही फोटोत पाहिली असेल. वरून ती देखणी आहे, पण तिच्यावर उभं राहिलं की आपण खड्ड्यात आहोत हे कळतं. रहदारी डोक्यावरून फिरते, वारा मात्र खालीच फिरतो. पूर्वीच्या वस्तीत दर पंधरा पावलांवर दार होतं. इथे शंभर पावलं चालून गेलात तरी आत शिरायला काही सापडत नाही.

एक अपवाद, तो मात्र फार मोलाचा. चौकाच्या दक्षिण बाजूला पेटर सेलसिंगचं कुल्तुरहुसेत, म्हणजे संस्कृतिभवन, आहे, लांबच लांब काचेचा कपाटासारखा चेहरा. मागे एक प्रचंड काँक्रीटची भिंत, जिने आणि यंत्रणा तिच्या आधाराला, आणि पुढचे मजले चौकाकडे उघडे. रात्री आतला प्रत्येक मजला, वाचणारी माणसं, बुद्धिबळ खेळणारी माणसं, सगळं खालून दिसतं. सेलसिंगने ही इमारत चौकाची बैठकीची खोली म्हणून आखली, आणि चौकात जे नव्हतं ते, म्हणजे दार, तिने दिलं. इमारत पूर्ण होता होता स्वीडनची संसद एकसदनी झाली आणि जुनी इमारत अपुरी पडली, म्हणून १९७१ ते १९८३ खासदार इथे बसत होते. देशाची संसद बारा वर्षं एका संस्कृतिभवनाच्या नाट्यगृहात! वरच्या मजल्यावर चहा घेऊन खाली बघत बसा, चौक वरून बराच माफ करावासा वाटतो.

पाडापाडी थांबली कशी, हे बघायला कुंग्सत्रेदगोर्देन या बागेत जा. १९७१ च्या मे महिन्यात भुयारी रेल्वेच्या दारासाठी तिथली तेरा एल्म झाडं तोडायचं ठरलं. लोक झाडांवर चढून बसले, रात्री पोलीस आणि करवती आल्या, धक्काबुक्की झाली, आणि शेवटी नगरपालिकेने माघार घेतली. स्थानकाचं दार दुसरीकडे गेलं. झाडं वाचली. त्यांच्या खालचं स्थानक १९७७ चं, उलरिक साम्युएलसनने सजवलेलं. शेजारच्या पाडलेल्या वास्तूंचे दगडी तुकडे आणि पुतळे त्याने तिथे भुयारात मांडून ठेवले आहेत. खडक फोडून काँक्रीटचा फवारा मारलेली गुहाच आहे ती. आपण नासधूस केलेल्या गोष्टींचं संग्रहालय नगरानेच रेल्वे स्थानकात करावं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

त्या झाडांनंतर शहर सावध झालं, कधी कधी अति सावध. ग्रंथालयाला जोड द्यायची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, जर्मनीच्या हाइके हनादा २००७ मध्ये जिंकल्या, आणि २००९ मध्ये प्रकल्प गुंडाळला. पाण्याकाठी ब्लासिएहोल्मेनवर डेव्हिड चिपरफिल्डचं नोबेल केंद्र व्हायचं होतं. शहराने मंजुरी दिली, न्यायालयाने २०१८ मध्ये अडवलं, कारण ऐतिहासिक बंदराच्या चेहऱ्याला धक्का बसत होता. त्याच वर्षी कुंग्सत्रेदगोर्देनमधलं ॲपलचं दुकानही नव्या नगरपालिकेने नाकारलं. माझं मत विचाराल तर शेवटचा निर्णय चोख होता, ग्रंथालयाचा वाईट. आस्प्लुंडच्या इमारतीला हात लावायची भीती इतकी मोठी झाली आहे की तिथे वाचकांच्या सोयीचा विचार मागे पडतो.

एक पूर्ण सकाळ स्कुग्सशिर्कोगोर्देनसाठी ठेवा. ही नगरपालिकेची दफनभूमी आहे, दक्षिणेला, हिरव्या मार्गावर, त्याच नावाच्या स्थानकापाशी. सहलीत स्मशान काय बघायचं असं घरचे म्हणतील. पण सार्वजनिक इमारत माणसाला कशी वागवते याचा कस इथेच लागतो. १९१५ च्या स्पर्धेत आस्प्लुंड आणि सिगुर्ड लेवेरेंट्स हे दोन तरुण जिंकले; जागा होती पाइनचं रान आणि वाळू-खडीच्या जुन्या खाणी. पंचवीस वर्षं काम चाललं. १९९४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे.

दारातून आत गेलात की मोकळं माळरान वर चढत जातं, एका बाजूला ग्रॅनाइटचा क्रूस, उजवीकडे टेकडीवर झाडांचा चौकोन. त्या टेकडीच्या पायऱ्या लक्ष देऊन चढा: वर जाता जाता प्रत्येक पायरीचा चढ कमी होत जातो. दमलेल्या, रडून आलेल्या माणसाला वर पोहोचताना धाप लागू नये म्हणून. नकाशावर हे दिसतही नाही.

डावीकडे १९४० चं दहनगृह आणि तीन प्रार्थनागृहं. प्रत्येकाला स्वतंत्र प्रतीक्षा खोली आणि छोटं अंगण, म्हणजे एका घरचे लोक दुसऱ्या घरच्या दुःखावर जाऊन आदळत नाहीत. प्रतीक्षा खोलीतलं लाकडी बाकडं भिंतीच्या लाकडातूनच वळून बाहेर आलेलं आहे. पाठ टेकली की कोपरा कुठेच टोचत नाही. मोठ्या प्रार्थनागृहाची पुढची भिंत जमिनीत खाली उतरवता येते, आणि मग आतली जागा बाहेरच्या खांबांच्या मंडपाशी आणि माळरानाशी एक होते. आस्प्लुंड त्याच वर्षी वारला, तो तिथेच पुरला आहे.

सरळ, पाइनच्या रांगांमधून जाणारी ८८८ मीटरची वाट लेवेरेंट्सच्या १९२५ च्या प्रार्थनागृहापर्यंत नेते. त्याचा खांबांचा मंडप मुख्य इमारतीला चिकटलेला नाही. मध्ये फट आहे आणि मंडप किंचित तिरका आहे. घाईत लक्षात येत नाही. आत दक्षिणेला एकच मोठी खिडकी. लोक उत्तरेच्या दाराने आत येतात आणि अंत्यविधी झाल्यावर पश्चिमेच्या दुसऱ्या दाराने बाहेर पडतात, म्हणजे आल्या वाटेने परत जावं लागत नाही. आपल्याकडेही स्मशानातून येताना मागे वळून बघत नाहीत. लेवेरेंट्सने ती गोष्ट आराखड्यातच घातली.

जाण्याआधी व्यवहाराच्या दोन गोष्टी. नगरभवनाच्या आतला भाग फक्त गाइडबरोबर बघता येतो आणि समारंभ असला तर फेऱ्या रद्द होतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा; मनोरा उन्हाळ्यापुरता, साधारण सप्टेंबरपर्यंतच उघडा असतो, म्हणून तो पहिल्या दिवशीच उरका. ग्रंथालय जुनं आहे, तिथे दुरुस्त्या निघत असतात. उघडं आहे का ते संकेतस्थळावर बघूनच निघा, बंद असलं तरी बाहेरून दार, मूठ आणि दुकानांची रांग बघता येईल. दफनभूमीत अंत्यविधी रोज चालू असतात, प्रार्थनागृहाबाहेर काळे कपडे दिसले की कॅमेरा खिशात ठेवा आणि दुसऱ्या वाटेने वळा. आणि चारही दिवस बूट चांगले घाला, फरसबंदी सगळीकडे ओबडधोबड ग्रॅनाइटची आहे.